उत्तराखाली अजून एक ओळ छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडं माझं झेरॉक्सचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली आता. तुमचा पेपर दुकानात रोज येतो आणि रविवारची पुरवणी आली की दुपारपर्यंत सामान्य ज्ञानाच्या चौकटीच्या जागी भोक पडलेलं असतं, कारण पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं ब्लेडनं ती चौकट कापून नेतात. म्हणून मी रविवारी दोन अंक घेतो, एक पोरांना आणि एक मला. तुमची चौकट किती मनापासून वाचली जाते ते तुम्हाला कळावं म्हणून हे सांगतोय, आणि तेवढ्याचसाठी तिच्यात काय छापून येतं याची मला काळजी वाटते. पत्र मोठं झालंय, जमलं तर पूर्ण छापा, नाही जमलं तर निदान वाचा तरी.

झालं असं. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली आठवीतली एक मुलगी संध्याकाळी दुकानात आली, हातात उत्तरपत्रिका. कुठल्यातरी जीकेच्या स्पर्धेची होती, शाळेचं नाव लिहीत नाही कारण ही चूक एका शाळेची नाहीच. प्रश्न होता, भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता. तिनं लिहिलं होतं, 'कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर झालेला नाही.' त्यावर लाल पेनानं फुली आणि शेजारी 'हॉकी'. त्या एका मार्कानं तिचा पहिला नंबर गेला. मला म्हणाली, "काका, दोन कॉप्या काढा की ओ, एक सरांना दाखवते, एक माझ्याकडं ठेवते." तिचे वडील यंत्रमागावर कामाला आहेत, ते बाहेर सायकलवरूनच म्हणाले, एका मार्कासाठी कशाला एवढं, सोड. तर ती म्हणाली, "मार्क नकोत मला, पण ते बरोबर आहे ना?"

आणि ते बरोबरच आहे. 2012 साली माहितीच्या अधिकारात एका शाळकरी मुलीनंच हा प्रश्न सरकारला विचारला होता आणि केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानं लेखी उत्तर दिलं की कुठल्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून आम्ही जाहीर केलेलं नाही. मग हॉकी आपल्या डोक्यात आली कुठून? तर 1928 पासून 1956 पर्यंत ऑलिंपिकमधे भारतानं हॉकीची सलग सहा सुवर्णपदकं जिंकली, एवढं मोठं यश दुसऱ्या कुठल्याच खेळात नव्हतं, त्यामुळं लोकांनी मनानंच तो राष्ट्रीय खेळ मानला आणि मग ते पुस्तकात गेलं. आता बघा, ही दुसरी ओळ कळली की हॉकीबद्दलचा आदर उलट वाढतोच आणि उत्तरही खरं राहतं. हिंदीचंही तेच. प्रश्नसंचात 'राष्ट्रभाषा हिंदी' असं बिनदिक्कत छापलेलं असतं, आणि राज्यघटनेच्या 343व्या कलमात हिंदी ही संघाची, म्हणजे केंद्राची, राजभाषा आहे, राष्ट्रभाषा हा शब्दच तिथं नाही. राज आणि राष्ट्र, दोनच अक्षरांचा खेळ, पण भरतीच्या परीक्षेत पोराचा एक मार्क त्यात जातो.

मी हे प्रश्नसंच रोज झेरॉक्स करतो. एका गाईडातला प्रश्न दुसऱ्यात, दुसऱ्यातला क्लासच्या नोट्समधे, नोट्समधला व्हॉट्सअपवर, आणि तिथून परत माझ्या काउंटरवर प्रिंट काढायला. अठरा वर्षांत तीच चूक तशीच्या तशी किती वेळा माझ्या मशीनमधून गेली असेल सांगता येत नाही. आणि या मशीनचंच बघा, 'झेरॉक्स' हा शब्द मला पोरांनी विचारला तेव्हा मी शोधून काढला, ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडं, 'झेरोग्राफी' म्हणजे कोरडं लिहिणं, कारण त्याआधी नक्कल काढायला ओली शाई किंवा केमिकल लागायचं आणि यात लागत नाही. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात एका भाड्याच्या खोलीत 22 ऑक्टोबर 1938 ला पहिली नक्कल काढली, आणि त्या पहिल्या कागदावर लिहिलेलं काय होतं, तर ती तारीख आणि जागेचं नाव, '10-22-38 अ‍ॅस्टोरिया', बास. म्हणजे जगातल्या पहिल्या झेरॉक्सवर कधी आणि कुठं हे दोन्ही लिहिलेलं होतं. मला ती गोष्ट फार आवडते. सामान्य ज्ञानाच्या प्रश्नालाही एवढं तरी पाहिजे, कधी, कुठं, आणि जमलं तर का. नुसतं 'अ, ब, क, ड पैकी ब' हे ज्ञान नाही ओ, ते पाठांतर झालं.

राग मानू नका, पण तुमच्या चौकटीतही एकदा आलं होतं की हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. कोकणातला आपला किल्ला, आपल्याला अभिमान वाटणारच, मलाही वाटायचा. पण तारखा लावून बघितल्या की जमत नाही. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला तो फ्रान्सच्या जान्सेन यांनी, आणि ते होते आंध्रात गुंटूरला. ज्यांच्या नावावर विजयदुर्गची गोष्ट सांगतात ते इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या वेळी भारतात नव्हतेच, त्यांनी ऑक्टोबरमधे इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेची ती पिवळी रेघ बघितली आणि हे कुठलं तरी नवीन मूलद्रव्य आहे असं म्हटलं. ग्रीक सूर्यदेव हेलिऑस, त्यावरून हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला पुढं 1895 उजाडलं, रॅम्से यांनी एका खनिजातून काढलं. मग विजयदुर्ग यात आला कसा? लॉकयर विजयदुर्गला खरंच आले होते, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. दोन ग्रहणं एकात मिसळली आणि झाली गोष्ट तयार. आता सांगा, नुसतं 'विजयदुर्ग' या एका शब्दापेक्षा ही सगळी हकीगत जास्त भारी आहे की नाही, आणि यात विजयदुर्गाचा मानही कुठं कमी होत नाही, ग्रहण बघायला जगातला एवढा मोठा शास्त्रज्ञ तिथं आला हे खरंच आहे की.

अशी अजून एक गोष्ट सगळ्या प्रश्नसंचात असते, गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, 1642. ऐकायला छान वाटतं. पण गॅलिलिओची तारीख 8 जानेवारी 1642 ही इटलीच्या नव्या कॅलेंडरची आहे आणि न्यूटनची 25 डिसेंबर 1642 ही इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरची. इंग्लंडनं नवीन कॅलेंडर घेतलं ते थेट 1752 ला. दोघांना एकाच कॅलेंडरवर आणलं की न्यूटन 4 जानेवारी 1643 चा होतो. एवढंच.

आता आपल्या गावाकडं येतो, खरं तर पत्र लिहायला बसलो ते यासाठीच. प्रश्नसंचात 12 जानेवारी म्हटलं की उत्तर एकच, राष्ट्रीय युवा दिन, विवेकानंद जयंती. बरोबर आहे. जिजाऊंची जयंतीही असते, ते आता छापतात. पण सोलापूरच्या पोराला त्याच तारखेचं तिसरं उत्तर यायला नको का? 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आपल्या चार जणांना फाशी दिलं. त्याआधी मे 1930 मधे गांधीजींच्या अटकेनंतर गाव असं पेटलं की इंग्रजांना इथं मार्शल लॉ लावावा लागला. यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. म्हणजे संपादक साहेब, तुमच्याच धंद्यातला माणूस. चार पुतळ्यांजवळून रोज हजारो लोक रिक्षानं जातात, तिथं उतरून कुणाला विचारा चौघांची नावं, पोरं दोन सांगतात आणि थांबतात. मी स्वतः दुकानात विचारून बघितलंय. तीच पोरं फ्रेंच राज्यक्रांतीचं साल झोपेत सांगतात.

आणि या 12 जानेवारीतच विज्ञानाचा असा एक प्रश्न लपलाय की मला तो कळला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता, त्यांच्या चरित्रात तसं असतं. मग आता संक्रांत 14 ला, कधी 15 ला कशी? तर पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळं तारे धरून मोजलेलं वर्ष आणि ऋतू धरून मोजलेलं वर्ष यात दर वर्षी वीस मिनिटांचा फरक पडतो, साठत साठत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. आपलं पंचांग ताऱ्यांवर चालतं आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंवर, म्हणून संक्रांत पुढं पुढं सरकते. (मधल्या लीप वर्षांच्या हिशोबानं थोडं मागंपुढं होतं, ते वेगळं, 1900 साली लीप वर्ष धरलं नव्हतं म्हणून एक दिवस त्यातही गेला.) खरं उत्तरायण, म्हणजे सूर्य उत्तरेला वळतो तो दिवस, 21-22 डिसेंबरलाच होऊन जातो, आणि साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. संक्रांतीला आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची, गड्ड्याची यात्रा भरते, तीत सात नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, होम होतो, लाखभर माणूस रस्त्यावर असतो, आणि त्या गर्दीत उभ्या असलेल्या पोराला जर हे माहीत असेल की आपण सतराशे वर्षांपूर्वीच्या आकाशाची तारीख पाळतोय, तर यात्रेचं मोल त्याच्या मनात वाढेल, मला तरी असंच वाटतं.

सूर्याचाच दुसरा प्रश्न. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, बरोबर की चूक?' संचात उत्तर बरोबर असं असतं. मी गेल्या मे महिन्यात पोरांना गच्चीवर घेऊन गेलो. सोलापूर कर्कवृत्ताच्या खाली आहे, साडेसतरा अंशाच्या थोडं वर, त्यामुळं वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीला, पण ऑगस्टमधे ढग असतात. शून्य सावली दिवस म्हणतात त्याला. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणला, ओळंबा लावून उभा केला, खाली पांढरा कोरा कागद. ऊन असलं की चप्पल काढली तर पाय भाजत होता. बारा वाजले, सावली बोटभर होती. पोरं म्हणाली काका खोटं आहे. थांबा म्हटलं. सव्वाबारा, सावली नखाएवढी. आणि बारा वीसच्या पुढं ती पाइपच्या बुडात शिरली ती गायबच, वरनं पाइपात डोकावलं तर तळाला उन्हाचा पूर्ण गोल पडलेला, रुपयाच्या नाण्यासारखा कडेला कडा लागून. एक बारका पोरगा पाइपाभोवती फिरून फिरून बघत होता, "सावली गेली कुठं बे?" मग सांगितलं, आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे, ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं, आपण त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंश, सूर्याला एक अंश यायला चार मिनिटं, करा हिशोब. सव्वीस मिनिटं आली. मेमधे त्यातून तीन-चार मिनिटं कमी होतात. हा हिशोब त्या पोरांनी स्वतः केला गच्चीवर बसून, डोक्याला रुमाल बांधून, आणि रेखांश म्हणजे काय हे त्यांना आता कुणी शिकवायला नको.

बार्शी लाईट रेल्वे तर तुम्हाला माहीतच असेल, आमच्या वडिलांच्या पिढीनं त्यातून पंढरीची वारी केली. पहिली रेल्वे म्हटलं की बोरीबंदर ते ठाणे, 16 एप्रिल 1853, हे पाठ असतं (तीसुद्धा पहिली प्रवासी रेल्वे म्हणायला पाहिजे, मालाची गाडी मद्रासकडं 1837 लाच रुळावर आली होती). पण आपल्या जिल्ह्यातली ही अडीच फुटी रुळांची गाडी 1897 ला बार्शी रोड, म्हणजे आताची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली, पुढं पंढरपूर, लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. ती बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हलकी गाडी, प्रत्येक चाकजोडीवर पाचच टन भार, म्हणजे रूळ स्वस्त, पूल स्वस्त, आणि दुष्काळी भागाला परवडेल अशी. याच धर्तीवर त्यानं नंतर इंग्लंडमधे रेल्वे बांधली. बघा, बार्शीची नक्कल इंग्लंडला गेली. आणि पुढचं ऐका. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, ते रोल्स-रॉईस गाडीतले रोल्स, 1910 च्या जुलैत विमान पडून वारला. त्या धक्क्यानं कॅलथ्रॉपनं विमानातून माणूस वाचवायचा पॅराशूट बनवायचं मनावर घेतलं, आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं जे पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. कुर्डुवाडीच्या पोराला हे माहीत असायला पाहिजे की आपल्या स्टेशनातून ज्या माणसानं रूळ टाकले त्यानंच विमानातल्या माणसांचे जीव वाचवायचा विचार केला. सगळ्या महाराष्ट्रातल्या भरतीच्या पेपरात यावा असा प्रश्न आहे हा.

खाण्याचंही बघा. सोलापूर म्हटलं की शेंगा चटणी, परगावचे पाहुणे पाव-पाव किलो बांधून नेतात. मी एकदा पोरांना विचारलं, सिद्धरामेश्वरांनी शेंगा चटणी खाल्ली असेल का? सगळी म्हणाली हो, इथलेच ना ते. तर नाही. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच, दोन्ही आपल्याकडं आलं ते पोर्तुगीज समुद्रमार्गे यायला लागल्यावर, म्हणजे 1498 च्या नंतर. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. आणि गंमत शब्दांत आहे. मिरी वरून मिरची, हे मराठीत सरळ दिसतं. आमच्या भागात घरोघरी तेलुगू, त्यात मिरी म्हणजे मिरियालू आणि मिरची म्हणजे मिरपकाया. अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक कन्नड बोलतं, त्यात मिरी म्हणजे मेणसू आणि मिरची मेणसिनकाई. तिन्ही भाषांनी नव्या फळाला जुन्या मिरीचंच नाव दिलं. सोलापुरात एका रांगेत उभी असलेली तीन माणसं तीन भाषांत हाच पुरावा देतात आणि आपण पोरांना मिरचीचं शास्त्रीय नाव पाठ करायला लावतो. शेंगेचं म्हणाल तर, ते फळ जमिनीत लागतं म्हणून पोरं त्याला मूळ समजतात, पण फूल वरच येतं, पिवळं, मग त्याची आरी, म्हणजे बारीक देठासारखी दांडी, सुटते, ती वाकून मातीत घुसते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. शेतकऱ्याच्या पोराला हे बघून माहीत असतं, फक्त ते सामान्य ज्ञान आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्वारी मात्र जुनी, आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आलेली, ती सिद्धरामेश्वरांच्या काळात होती. आणि गावाचं नाव 'सोळा गावांचं सोलापूर' हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, पण जुन्या शिलालेखांत गाव सोन्नलगे आहे, नंतर कामतीच्या लेखात सोनलीपूर, मग सोनलपूर. सोळाचा संबंध नंतर जोडलेला.

शब्दांचंच निघालंय तर एक शेवटचं, हे माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं. 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती', उलटं वाचलं तरी तेच, हे शाळेत सगळ्यांनी म्हटलंय. त्याच्या पुढची पायरी आपल्याच मराठी मुलखात पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेली. परभणीकडच्या पाथरीचे सूर्यदास, सोळाव्या शतकातले, त्यांनी संस्कृतात 'रामकृष्ण विलोम काव्य' लिहिलं. सरळ वाचलं की रामाची गोष्ट, शेवटाकडून उलट वाचलं की कृष्णाची. पहिलीच ओळ आहे,

तं भूसुतामुक्तिमुदारहासं वंदे यतो भव्यभवं दयाश्रीः

भूसुता म्हणजे सीता, तिला सोडवणारा तो राम. मी रद्दी कागदाचे बावीस चौकोन कापले, एकेकावर एकेक अक्षर स्केच पेननं लिहिलं आणि काउंटरवर ओळीनं मांडलं. ती राष्ट्रीय खेळवाली मुलगी होतीच. तिला म्हटलं शेवटून वाच, विसर्ग सोड. तिनं बोट ठेवून सुरू केलं, श्री... या... द... वं... आणि थांबली, माझ्याकडं बघितलं, "काका, यादव आला!" मग पुढं सगळं घडाघडा वाचलं, श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम्. तिला संस्कृत येत नाही, मलाही नीट येत नाही, पण त्या बावीस कागदांभोवती दुकानात सहा-सात जण जमले होते आणि मागं मशीन चालू राहून कोरे कागद बाहेर पडत होते त्याचं मला भान नव्हतं. आणि हेच सूर्यदास गणिती होते, भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर त्यांनी टीका लिहिल्यात. म्हणजे एका माणसात इतिहास, गणित, साहित्य आणि शब्दांचा खेळ, चारही विषय. प्रश्नसंचात मी त्यांचं नाव अजून एकदाही बघितलेलं नाही.

तर विनंती अशी आहे. चौकटीत दहा प्रश्न देता त्याऐवजी पाचच द्या, पण प्रत्येक उत्तराखाली एक ओळ जास्त द्या, कधी, कुठं, का. पाचातला एक तरी प्रश्न आपल्या जिल्ह्याचा असू द्या, मंगळवेढा, पंढरपूर, करमाळा, अकलूज, सगळीकडं भरपूर आहे. चूक झाली तर पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच अक्षरात दुरुस्ती छापा, पोरं ती कापून जुन्या चौकटीवर चिकटवतील, माझ्याकडं त्यांच्या वह्या आहेत, मी बघितलंय ती किती नेटानं चिकटवतात. त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेचं पुढं काय झालं ते विचाराल तर सरांनी ती ठेवून घेतलीय, बघतो म्हणाले, अजून काही कळलेलं नाही. तुमच्या चौकटीत राष्ट्रीय खेळाचा प्रश्न बरोबर उत्तरासकट आला तर ती कात्रण घेऊन परत जाईल.

आणि अजून एक. उत्तरं त्याच पानावर खाली उलटी छापता ती कृपा करून पुढच्या रविवारी छापा. पेपर फिरवला की उत्तर दिसतं, पोरं लगेच फिरवतात. आठवडाभर उत्तर नसलं तर घरात विचारतील, आजोबांना, शेजारी, दुकानात मला. पहिल्या रविवारसाठी प्रश्न मीच देतो: सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 ला चीनमधे जखमी सैनिकांच्या सेवेला गेले आणि 1942 च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला होता. त्याचं नाव दोन देशांच्या चिनी नावांतलं एकेक अक्षर घेऊन ठेवलं होतं. ते नाव काय, आणि कुठल्या अक्षराचा अर्थ कुठला देश?

उत्तर मी वेगळ्या पाकिटात पाठवतोय.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक,
पूर्व भाग, सोलापूर